मधल्या पट्ट्याचे नियम

चर्चच्या पायऱ्यांवर गसने खुर्च्यांचा विषय काढला. आईच्या वाढदिवसाच्या जेवणाला खुर्च्या किती आणायच्या, एवढंच त्याला हवं होतं. जिला विचारायचं ती मार्लीन, त्याची धाकटी बहीण, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. पण गसने विचारलं तिच्या नवऱ्याला.

"लायल, तुमच्या घरच्या बोर्डाच्या बाईंना विचार, खुर्च्या किती लागतील."

लायल बायकोकडे वळला. "खुर्च्या किती?"

"आठ," मार्लीन म्हणाली.

"आठ," लायल परत वळून गसला म्हणाला.

उन्हाळा लागल्यापासून हे असंच चाललं होतं. लायल मुळात शांत माणूस, आयुष्यभर शाळेच्या बस दुरुस्त करून रिटायर झालेला. पण या निरोपाच्या धंद्यात त्याला हळूहळू गोडी लागली होती. निरोप पोचवताना तो त्यातले काटे काढून टाकायचा. मागच्या आठवड्यात गसने त्याला सांगितलं होतं, तुझ्या बायकोला म्हणावं, तलावात जाऊन उडी मार. लायलने घरी येऊन सांगितलं, गस म्हणत होता, एकदा सगळे मिळून तलावावर जाऊ या. मार्लीनला त्या रात्री उगाचच बरं वाटलं होतं.

भांडणाचं मूळ टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, ठरावात होतं. टाउनशिपच्या बोर्डावर पाच जण, त्यांत मार्लीन एक. गावात घरोघरी क्वाड आल्या होत्या. चार जाड टायरांच्या, मोटरसायकलसारखी दांडी असलेल्या, खड्डा असो की चिखल, कुठेही उधळणाऱ्या त्या गाड्या. पूर्वी लोक त्या जंगलात नेऊन चालवत. आता घरामागच्या गवतातच गोल गोल फिरवायची टूम निघाली होती. तक्रारी आल्या. बोर्डाने ठराव मांडला: वस्तीतल्या जागेत, दुसऱ्याच्या घरापासून दोनशे फुटांच्या आत, रस्त्याबाहेरचं वाहन चालवायचं नाही. जंगलात न्यायला घरातून बाहेर काढा, आत आणून ठेवा, एवढीच मुभा. बोर्डातले दोघे ठरावाच्या बाजूचे. दोघे स्वतःच क्वाडवाले, म्हणून विरुद्ध. उरली मार्लीन. तराजूची दांडी तिच्या हातात आली होती आणि दोन्ही पारड्यांत तिचेच नातेवाईक बसले होते.

कारण कुबिआक रस्त्यावरची सगळी घरं कुबिआकांचीच. आजोबा स्टॅनिस्लावांनी पोलंडहून मिशिगनच्या या थंड कोपऱ्यात येऊन वाळूत बटाटे पिकवले. त्या शेताचे तुकडे होऊन आता चार घरं उभी होती. कोपऱ्यावर आई, बर्निस. तिच्या डावीकडे गस. उजवीकडे मार्लीन आणि लायल. मागच्या बाजूला धाकटा डेनी आणि त्याची शिकागोची बायको इव्हॉन. चारही घरांच्या मागची दारं मधल्या मोकळ्या पट्ट्यावर उघडायची, आणि त्या पट्ट्यावर गसने मातीचे उंचवटे, वळणं, एक छोटी टेकडी असा क्वाडचा मार्ग बांधला होता. ठराव झाला असता तर गसला त्याच्या सबंध आवारात क्वाड चालवायला दोनशे फुटांच्या हिशेबात बसणारी एकच जागा उरत होती, आणि ती होती शौचटाकीवरच्या उंचवट्यावर.

बोर्डाकडे पहिली तक्रार केली होती इव्हॉनने. तिने ती निनावी केली होती. पण शुद्ध, टापटीप वाक्यं आणि दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींचा तीन वेळा उल्लेख, एवढ्यावरून कुबिआकांच्या घरातल्या मांजरानेही तिला ओळखलं असतं.

*

जेवण आईच्याच मागच्या अंगणात होतं. कोबीच्या पानांत गुंडाळून शिजवलेलं मटण, पिरोगी म्हणजे सारण भरून उकडलेल्या पोलिश करंज्या, धुरावलेले सॉसेज, बटाट्याचं सॅलड, आणि खसखशीचा केक. ऑगस्ट असला तरी वारा थंड होता आणि डास नेहमीप्रमाणे न बोलावता आले होते. गस खुर्च्या घेऊन आला, आणि त्याच्या दोन नाती, कोरा आणि विनी, हेल्मेट काखेत धरून त्याच्या मागून आल्या. पोरी शनिवार-रविवार आजोबांकडे यायच्या. शहरात राहणाऱ्या, बोलावलं तर मान वर न करणाऱ्या मुली. पण इथे आल्या की गुडघ्यापर्यंत माखायच्या आणि जेवताना दोनदा वाढून घ्यायच्या.

मार्लीनने ठरवलं होतं की आज ठरावाचा शब्द काढायचा नाही. मत द्यायच्या आधी स्वतःची खात्री करून घ्यावी म्हणून तिने टाउनशिपच्या कचेरीतून आवाज मोजायचं यंत्र आणलं होतं आणि गाडीच्या डिकीत ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात, कोणी नसताना, गुपचूप मोजू असा तिचा बेत होता. पण लायलला निरोप पोचवायची सवय इतकी लागली होती, की हा निरोप त्याला कोणी दिलेलाच नव्हता तरी त्याने तो गसला पोचवला.

"तिला सांग," गस लायलला म्हणाला, "आत्ताच मोजू या. सगळ्यांसमोर."

इव्हॉन म्हणाली, तिची काहीच हरकत नाही. उलट तिला आनंदच आहे. ती अशा आवाजात म्हणाली की तिच्या आनंदाने सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

मग ती वरात निघाली. यंत्र होतं हाताएवढं, त्यावर तीन दिवे. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे नियमाबाहेर. इव्हॉनच्या कपड्यांच्या दोरीपाशी मार्लीन ते यंत्र हातात धरून उभी राहिली. आपण मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या पुतळ्यासारख्या दिसतोय, असं तिला वाटलं. गसने रविवारची इस्त्रीची पँट घोट्यापर्यंत दुमडली, क्वाडवर बसला, आणि हद्दीला घासून एक फेरी मारली. दिवा पिवळा लागला. दुसरी फेरी, टेकडीवरून. पिवळाच. तिसऱ्या फेरीला त्याने इव्हॉनकडे बघत, मुद्दाम, इंजिन जागच्या जागी गुरगुरवलं. दिवा लालाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत पिवळ्यावर आला.

इव्हॉनचा संयम तिथे सुटला. हा धडधडीत अप्रामाणिकपणा आहे, तो रोज याच्या दुप्पट वेगाने जातो, आज पाहुण्यांसारखा चालवतोय, आणि तिच्या चादरींचं काय, असं ती एका दमात बोलली. मार्लीनच्या हातातला दिवा लाल झाला.

डेनीने, जो तिचा नवरा होता आणि ज्याला पुढे घरी जायचं होतं, आपल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली. इव्हॉनने यंत्राकडे पाहिलं. "ते बिघडलंय," ती हळूच म्हणाली. दिवा हिरवा झाला.

इतक्यात मागून आईने हाक मारली. पिरोगी तयार होती आणि ब्याऐंशी वर्षांची बर्निस कुबिआक आपल्या मागच्या दारात उभी राहून, चाळीस वर्षं शेताच्या पार टोकाला नवऱ्याला आणि पोरांना बोलावत आली तशी, दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडली. एकच शब्द. जेवायला. दिवा लाल झाला, आणि लालच राहिला. मार्लीनने यंत्र हलवलं, बंद केलं, चालू केलं. शेवटी लायलने त्यातली बॅटरी काढली तेव्हा ते विझलं.

गस क्वाडवरून उतरला. हेल्मेट काढलं. त्याचा चेहरा गंभीर होता, पण मिशी हलत होती.

"मार्ले," तो म्हणाला, "आता आईवर ठराव आण."

लायल सवयीने बायकोकडे वळला. "तो म्हणतोय की—"

"ऐकलं मी," मार्लीन म्हणाली.

मग तिच्या लक्षात आलं की गस तिच्याशी बोलला. त्याच्याही बहुतेक लक्षात आलं, कारण त्याने घाईने पँट खाली सोडली आणि जेवणाच्या टेबलाकडे निघून गेला. लायल थोडा वेळ तिथेच उभा राहिला. आपली नोकरी गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

*

टेबलावर सगळे बसले आणि पहिली पिरोगी ताटात पडेपर्यंत शांतता टिकली. मग डेनीने ठरावाची प्रत मागितली. डेनी हा घरातला सर्वांत निरुपद्रवी माणूस. शाळेत असल्यापासून जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूचा. सकाळपासून तो बायकोच्या बाजूने होता आणि मनातून गसच्या. त्याने सॉसेज चघळत ठराव वाचला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"रस्त्याबाहेरचं वाहन म्हणजे काय, ते इथे लिहिलंय," तो म्हणाला. "रस्ता नसलेल्या जमिनीवर चालू शकणारं, मोटरवर चालणारं, माणूस बसू शकेल असं कोणतंही वाहन."

"म्हणजे क्वाड," इव्हॉन म्हणाली.

"म्हणजे तुझी गोल्फची गाडीसुद्धा."

इव्हॉनची गोल्फची गाडी हा कुबिआक रस्त्यावरचा एक मानाचा विषय होता. इव्हॉन गोल्फ खेळत नव्हती. पण तिने ती पांढरी, छत असलेली, पुढे फुलांची टोपली लावलेली गाडी घेतली होती, आणि तीत बसून ती टपालपेटीपर्यंत जायची, आईकडे भाज्या घेऊन यायची, आणि संध्याकाळी नुसतीच, मान ताठ करून, आपल्या आवाराची एक फेरी घालायची. तिने ठराव नवऱ्याच्या हातातून घेतला आणि वाचला. मग तिने मार्लीनकडे असं पाहिलं, की जणू मार्लीननेच तिला शिकागोहून फसवून इथे आणलं.

ती म्हणाली, हे वाक्य अत्यंत ढिसाळ आहे. असा ठराव म्हणजे लोकांच्या घरात घुसणं आहे. माणसाला स्वतःच्या गवतावर स्वतःच्या गाडीत बसायचा हक्क नाही का? गसने तिच्या पुढ्यात सॉसेजची ताटली सरकवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आजवर या दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, ख्रिसमसच्या झाडाच्या उंचीवरसुद्धा नाही.

पण डेनी अजून वाचत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू पहाट होत होती.

"गवत कापायचं यंत्रसुद्धा यात येतं," तो म्हणाला. "वर बसून चालवायचं आहे ना माझं. मोटर आहे. माणूस बसतो." त्याने काटा खाली ठेवला. "हा ठराव चांगला आहे. मी विचार केला. कायदा म्हणजे कायदा. गवत वाढेल तर वाढेल."

इव्हॉन आणि गस दोघे एकदम त्याच्यावर तुटून पडले. लायल मध्ये पडला आणि म्हणाला की बोर्डाचा अर्थ तसा नसेल. त्यावर डेनी म्हणाला, अर्थ काय ते लिहिलेलं असतं. कोरा आणि विनी पिरोगी खाता खाता एकदा इकडे एकदा तिकडे बघत होत्या, टेनिसची मॅच चालल्यासारख्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी मार्लीनची गत झाली होती. तिने हा ठराव स्वतः लिहिला नव्हता. पण पलीकडच्या रस्त्यावरची एक तरुण बाई, कडेवर तान्हं बाळ घेऊन, बोर्डाच्या बैठकीत शेवटच्या रांगेत येऊन बसली होती. शेजाऱ्यांची क्वाड सुरू झाली की बाळ दचकून उठतं, एवढंच ती म्हणाली होती आणि बसली होती. तिला ना चादरींची पडली होती, ना हद्दीची. तिला झोप हवी होती. मार्लीनला ते विसरता येत नव्हतं.

"तुमच्यासाठी ही गंमत आहे," ती शेवटी म्हणाली. "माझ्यासाठी नाही. लहानपणापासून तुम्ही दोघं भाऊ भांडायचात आणि मला मध्ये उभं करायचात. गोट्या कोणाच्या, मार्ले सांगेल. खिडकी कोणी फोडली, मार्ले सांगेल. मी सांगितलं की दोघं मिळून माझ्यावर. आता सगळ्या गावाने तेच काम मला दिलंय, आणि तिथे तरी लोक निकालानंतर आभार मानतात."

"मी तुला निकाल मागितला नाही," गस म्हणाला.

"मग काय मागितलंस?"

गसने नातींकडे पाहिलं. त्या आता ऐकत नव्हत्या. टेबलाखाली एकमेकींचे पाय मोजत होत्या. त्याने आवाज खाली आणला. मुलीने, या पोरींच्या आईने, त्याला स्पष्ट सांगितलं होतं. पोरी क्वाडसाठी येतात, बाबा, तुमच्यासाठी नाही. क्वाड गेली तर त्या यायच्या नाहीत, आणि मी त्यांच्यावर जबरदस्ती करणार नाही.

"मला माहीतच आहे ते," तो म्हणाला. "मला काय वाटतं, त्या माझ्यासाठी येतात? पण येतात."

इव्हॉनने रुमालाची घडी घातली, उलगडली आणि परत घातली. मार्लीनला भावाच्या कानामागचे पांढरे केस दिसले आणि तिला एकदम त्याच्याशी भांडावंसं वाटेनासं झालं, आणि त्याचाच तिला राग आला.

तेव्हा आई उठली. ती केक आणायला आत गेली, केक घेऊन बाहेर आली, टेबलाच्या मधोमध ठेवला, आणि सुरी हातात धरून उभी राहिली. पण कापला नाही.

"हा मधला पट्टा कोणाच्या नावावर आहे?" तिने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. वाटण्या झाल्या तेव्हा बाबांनी चार घरांच्या जागा मुलांना आणि स्वतःला ठेवल्या आणि मधला पट्टा, जिथे शेवटचे बटाटे निघाले होते, तो कोणालाच दिला नाही. मग बाबा गेले. त्या पट्ट्याचं काय झालं, हे इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. पट्टा होता. आकाश असतं तसा.

"तुझ्या," लायल म्हणाला. तो जावई असल्यामुळे त्याचं लक्ष असायचं.

"माझ्या," आई म्हणाली. "गस, तू माझ्या जमिनीवर डोंगर उभे केलेस. इव्हॉन, तू माझ्या जमिनीवरच्या धुळीची तक्रार केलीस. मार्लीन, तू माझ्या जमिनीवर ठराव करतेस. डेनी, तू माझ्या जमिनीवरचं गवत न कापायची कारणं शोधतोस. आणि मला आजपर्यंत एकानेही विचारलं नाही. आज माझा वाढदिवस आहे, हेही तुम्हाला खुर्च्या आणल्या म्हणून आठवलं."

गस उठून उभा राहिला. साठीला आलेला, सहा फुटी माणूस, आणि त्याचे हात नकळत मागे गेले, शाळेत उभा असल्यासारखे.

"बंद करू का, आई?" त्याने विचारलं.

"बंद कशाला? तुझ्या बाबांचा ट्रॅक्टर याहून जास्त ओरडायचा. पण तो ओरडला की बटाटे तरी यायचे." तिने केकचा पहिला तुकडा कापला. "मार्लीन, लिहून घे."

कागद कोणाकडेच नव्हता. मार्लीनने कागदी ताटली उलटी केली आणि लायलच्या खिशातलं पेन घेतलं. आई केक कापत गेली आणि एकेका तुकड्याबरोबर एकेक नियम सांगत गेली. दुपारच्या जेवणानंतर कॉफीच्या वेळेपर्यंत गाडी चालवायची नाही, कारण तेव्हा म्हातारी माणसं आणि लहान बाळं झोपतात. चर्चच्या वेळेला नाही. अंधार पडल्यावर नाही. ज्या घराच्या दोरीवर कपडे असतील, त्या दिवशी त्या बाजूला नाही. जो धूळ उडवेल त्याने संध्याकाळी पाणी मारायचं. मुलांच्या डोक्यावर हेल्मेट, आणि एक मोठं माणूस जवळ उभं. ज्याची जमीन त्याला आधी विचारायचं. शेजाऱ्याचं घर जवळ असेल तर शेजाऱ्यालाही. गोल्फची गाडी आणि गवताचं यंत्र यात धरायचं नाही, कारण एकीला दुसरा छंद नाही आणि एकाने गवत कापलंच पाहिजे. इथे डेनीने निषेध नोंदवायचा प्रयत्न केला, तेव्हा आईने त्याच्या ताटलीत जरा मोठा तुकडा टाकला आणि तो निषेध तिथेच संपला.

"आणि शेवटचा," आई म्हणाली. "माझ्या दारावरून जो गाडी नेईल, त्याने थांबायचं. उतरायचं. कॉफी घ्यायची. लांबून हात हलवून पुढे जायचं नाही. मी काय तिथे मिरवणूक बघायला बसलेय?"

मार्लीनने लिहिलं. ताटलीवर जागा संपत आली होती, म्हणून शेवटचा नियम कडेकडेने गोल लिहावा लागला. लिहिताना तिच्या मनात आलं की आपण महिनाभर पुस्तकं चाळली, दुसऱ्या टाउनशिपांचे ठराव मागवले, आणि त्या बाळाच्या आईला हवं होतं ते या ताटलीवर पहिल्याच ओळीत आलंय.

*

बोर्डाच्या बैठकीत मार्लीनने ती ताटली तशीच नेली. टाईप करून न्यायचा विचार होता, पण वेळ झाला नाही. आणि खरं तर तिला ती टाईप करावीशी वाटली नाही. टाउनशिपचा वकील तरुण होता, टाय लावणारा. त्याने ताटली दोन बोटांत धरली, गोल फिरवून वाचली, आणि ताटलीला कोबीचा वास येतोय का असं हळूच विचारलं. मार्लीन म्हणाली, हो.

मग त्याने कामाला सुरुवात केली. झोपेच्या वेळेचं त्याने 'दुपारची विश्रांतीची वेळ' केलं. दोरीवरच्या कपड्यांचं कलम त्याला पटेना, पण क्वाडवाल्या दोघांपैकी एकाची बायको मागे बसली होती, तिने घसा खाकरला आणि ते राहिलं. शेजाऱ्यांची लेखी संमती, जमीनमालकाची लेखी संमती, मुलांसाठी मोठं माणूस, धुळीला पाणी, सगळं बसलं. दोनशे फुटांचं कलम सगळ्यांनी मिळून काढून टाकलं. शेवटच्या रांगेत ती तरुण बाई आली होती. बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं होतं, म्हणून ती टाळ्या वाजवू शकली नाही. तिने मार्लीनकडे बघून नुसती मान हलवली.

अडलं ते ताटलीच्या कडेला. वकील म्हणाला, आईवडिलांच्या दारात थांबलंच पाहिजे, हे कायद्यात लिहिता येत नाही. कोणी थांबला नाही तर सिद्ध कसं करणार? दंड कुणाला, कॉफी गरम होती की गार, हे कोर्टात विचारलं जाईल. बोर्डातला सर्वांत वयस्कर माणूस, एल्मर, सहसा बैठकीत डुलक्या काढायचा. तो जागा झाला आणि म्हणाला की सिद्ध नाही झालं तरी चालेल, पण ते कलम ठेवा. माझे तीन मुलगे याच गावात आहेत. मग वकिलाने दिलगिरी व्यक्त केली आणि त्या गोल ओळीवर रेघ मारली. बाकीचा ठराव पाचही मतांनी मंजूर झाला. एवढ्या वर्षांत पाचही जण एका बाजूला पडल्याचं मार्लीनला आठवत नव्हतं.

घरी जाताना ती आईकडे थांबली आणि तिने हे सगळं सांगितलं, कापलेल्या कलमासकट. आईने ऐकून घेतलं. "वकिलाला आई नाही का?" तिने विचारलं, आणि विषय बदलला.

पुढच्या शनिवारी कॉफीची वेळ झाली आणि गसने क्वाड काढली. पोरींनी हेल्मेट घातली. गसने शेजाऱ्यांची लेखी संमती खिशात ठेवली होती. इव्हॉनने ती सुवाच्य अक्षरात, चादरींच्या दिवसांची यादी जोडून, दिली होती. मार्लीन आपल्या मागच्या पायरीवर वाटाणे सोलत बसली होती. तिला तिथून सगळा पट्टा दिसायचा.

गस पहिल्या वळणावरून, टेकडीवरून, आईच्या दारावर आला. आई दारात खुर्ची टाकून बसली होती, शेजारी स्टुलावर कॉफीची किटली आणि कप. तिने हात वर केला. गस थांबला, उतरला, हेल्मेट काढलं, कॉफी प्यायला. आईने विचारलं, मुलीचा फोन आला होता का, गुडघा कसा आहे, ते बोटीचं इंजिन दुरुस्त झालं का. बराच वेळ गेला. मग पोरींची पाळी. त्याही उतरल्या, त्यांना दूध आणि केक. पोरींनी केक आवडल्याचं सांगितलं, त्यावर आईने त्यांना त्यांच्या पणजोबांनी एकदा ट्रॅक्टर तलावात कसा घातला ते सविस्तर सांगितलं. पोरी गुडघे पोटाशी घेऊन पायरीवर बसल्या आणि नंतर गाडीकडे परत जायचं विसरल्या.

गसने दुसरी फेरी घेतली. आईने हात वर केला. तिसऱ्या फेरीला तो कप हातात घेऊन जरा उभ्याउभ्याच प्यायला, तर आईने त्याला बसायला सांगितलं.

तिसऱ्या कपानंतर तो गाडी मार्लीनच्या कुंपणाशी घेऊन आला. तो जरा पिवळा पडला होता.

"मार्ले," तो म्हणाला, "त्या शेवटच्या कलमात काही सवलत आहे का? महिन्यातून एकदा, असं काही?"

"ते कलमच नाही, गस. वकिलाने कापलं."

"मग थांबायची सक्ती नाही?"

"कायद्याने अजिबात नाही. जाऊन सांग तिला."

गसने पट्ट्याच्या पलीकडे पाहिलं. आई किटलीत नवीन कॉफी ओतत होती.

"तू बोर्डावर आहेस," तो म्हणाला. "तू सांग."

"मी आता मध्ये उभी राहत नाही," मार्लीन म्हणाली आणि शेंग सोलली.

मागच्या घरातून इव्हॉन बाहेर आली. क्वाड काढलेली आहे आणि आवाज येत नाही, याची तिला शंका आली होती. ती कंबरेवर हात ठेवून थोडा वेळ ऐकत उभी राहिली. पक्षी ऐकू येत होते. कायद्याने जे झालं नसतं ते झालं होतं, सुंठेवाचून खोकला गेला होता, आणि तिला काय करावं ते सुचेना, म्हणून ती गोल्फच्या गाडीत बसून एक फेरी मारायला निघाली. गाडी आईच्या दारावर आली आणि आईने हात वर केला.

इव्हॉन थांबलेली बघून गसने संधी साधली. त्याने इंजिन बंद केलं, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, आणि दांडीला खांदा लावून ती आईच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागून ढकलायला लागला. क्वाड जड होती. वाळूत चाकं रुतत होती. त्याच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या, पण त्याने हूं की चूं केलं नाही. पाय असे जपून टाकत होता, की मार्लीनला हसू दाबायला वाटाण्याची मूठ तोंडाशी धरावी लागली. खुराड्याच्या कोपऱ्यापर्यंत तो सुखरूप पोचला. आईची पाठ त्याच्याकडे होती. ती इव्हॉनच्या कपात कॉफी ओतत होती. आणखी दहा पावलं टाकली असती तर तो आपल्या आवारात होता.

"गस," आई मागे न बघता म्हणाली, "येताना आतून साखर घेऊन ये."